दार कशासाठी असतं?

माझ्या नोकरीत क्रियापदांना फार भाव आहे. नोकरी भाषेची नाही. पुण्याजवळ, चाकणच्या बाजूला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सेफ्टी इंजिनिअर आहे. म्हणजे हेल्मेट घाला, बूट घाला असे बोर्ड लावणारी नाही. एखादा भाग अजून कागदावर असतानाच 'हा बिघडला तर कोणाचं काय होईल' हे विचारायचं आणि त्याची उत्तरं एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये भरायची, हे माझं काम. लग्नाच्या स्थळांना हे समजावून सांगताना आईची पंचाईत होते. ती 'कॉम्प्युटरवर असते' एवढं सांगून विषय संपवते.

त्या शीटचा पहिला रकाना 'फंक्शन'चा. या रकान्यात वस्तूचं नाव लिहायला बंदी आहे. वायपर लिहायचं नाही, 'काचेवरचं पाणी हटवणं' लिहायचं. हॉर्न लिहायचं नाही, 'समोरच्याला सावध करणं' लिहायचं. कॉलेजातून नुकती आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास वस्तूंची यादी करून आणतात. गेल्या वर्षी आलेल्या एकाला मी म्हटलं, ''वायपर खोडून टाक. आता तुझ्या शीटमध्ये काय उरलं?'' तो बराच वेळ विचार करून म्हणाला, ''पाऊस उरला, मॅडम.'' इतकं चांगलं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

या पद्धतीला फंक्शनल अ‍ॅनालिसिस म्हणतात. तिची एक मुळी अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स नावाचा इंजिनिअर खरेदीच्या कामावर होता. युद्धामुळे हवा तो माल मिळत नव्हता. पोलाद नाही, तांबं नाही, ठरावीक सुटे भाग नाहीत. मग त्याने वस्तू मागायचं सोडलं आणि त्या वस्तूचं काम काय आहे ते विचारायला सुरुवात केली. ते काम दुसऱ्या कशाने होतंय का, हे पाहायचं. गंमत म्हणजे पर्याय बऱ्याचदा स्वस्त निघायचा आणि कधी कधी मूळ मालापेक्षा चांगलाही. १९४७च्या सुमारास यातून 'व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस' ही शिस्त उभी राहिली. कोणतंही काम एक क्रियापद आणि एक नाम एवढ्यात सांगायचं, ही सवय तिथली. माइल्सचा हेतू पैसे वाचवण्याचा होता. तोच प्रश्न माणसं वाचवायलाही उपयोगी पडतो, हे विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्यांनी पुढे ओळखलं.

हे सगळं फार कारखानी वाटत असेल, तर स्वयंपाकघरात चला. कुकरच्या शिट्टीचं काम काय?

'शिट्टी वाजवणं' असं उत्तर आलं, तर तुमचा पहिला आठवडा चालू आहे. तो झाकणावरचा वजनदार तुकडा आतला दाब ठरावीक मर्यादेत ठेवतो. आपल्याकडच्या कुकरमध्ये हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण चौरस सेंटीमीटरला १ किलोने जास्त असतो, म्हणून आतलं पाणी १००ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तुरीची डाळ वेळेत शिजते. दाब वाढला की वजन उचललं जातं आणि वाफ बाहेर पडते. आवाज हे त्या कामाचं उपउत्पादन. पण आपल्या आयांनी त्या आवाजाला वेगळंच काम दिलं: घड्याळाचं. भाताला तीन, डाळीला चार, राजम्याला देव जाणे किती. बनवणाऱ्याने जे काम वस्तूला दिलंच नव्हतं ते वापरणाऱ्याने दिलं आणि अख्ख्या देशाने ते मान्य केलं. फंक्शनल अ‍ॅनालिसिस करताना हे नेहमी ध्यानात ठेवावं लागतं. वस्तूचं काम काय, हे ठरवण्याचा अधिकार एकट्या डिझायनरकडे नसतो.

आता समजा, शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलं. 'दाब मर्यादेत ठेवणं' हे काम बंद पडलं. कुकर बनवणाऱ्याने हा दिवस आधीच पाहून ठेवलेला असतो. झाकणावर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातला मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट मिळते. त्याला बॅटरी लागत नाही, अक्कल लागत नाही, कुणी बटण दाबावं लागत नाही. काही कुकरचं झाकण आतून बसतं. आत दाब असेपर्यंत तोच दाब झाकण कडेला घट्ट दाबून धरतो, म्हणजे ज्या क्षणी झाकण उघडणं सर्वांत धोक्याचं, त्याच क्षणी ते उघडत नाही. धोकाच स्वतःला कुलूप घालतो. मला हे डिझाइन फार आवडतं. आणि म्हणूनच बाजारात मिळेल तो, कुठल्याही मापाचा स्वस्त व्हॉल्व्ह बसवून आणणाऱ्या मावशीशी माझं दर दिवाळीत भांडण होतं. तिच्या लेखी तो एक नट आहे.

शीटचा दुसरा रकाना जास्त अवघड. पहिल्यात लिहिलेलं प्रत्येक क्रियापद किती प्रकारांनी बिघडू शकतं, ते इथे लिहायचं. नवशिक्याला एकच प्रकार सुचतो: काम झालं नाही. पण नको तेव्हा काम झालं, तर? उशिरा झालं तर? अर्धवट झालं, फक्त एका बाजूला झालं तर? एअरबॅग धडकेत उघडली नाही, हे वाईट. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगात ती विनाकारण चालकाच्या तोंडावर फुटली, तर ते कदाचित त्याहून वाईट, कारण धडक क्वचित होते, पण ही आपत्ती कुठल्याही मंगळवारी येऊ शकते.

याची मी नव्या मुलांना नेहमी सांगते ती जोडगोष्ट विमानांची आहे. विमान जमिनीवर उतरलं की इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवून वेग कमी करतात. त्याला थ्रस्ट रिव्हर्सर म्हणतात. काम काय? 'विमानाचा वेग कमी करणं.' २६ मे १९९१ रोजी लाउडा एअरचं बोइंग ७६७ बँकॉकहून व्हिएन्नाला निघालं. उड्डाणानंतर पंधराएक मिनिटांत, विमान वर चढत असताना, डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर हवेतच उघडला. २२३ माणसं होती, कुणीही वाचलं नाही. काम झालं होतं, पण नको तिथे झालं होतं.

मग सरळ उपाय काय? विमान जमिनीवर आहे अशी खात्री पटल्याशिवाय ते उघडूच द्यायचं नाही. एअरबस ए३२०मध्ये अशी अट आधीपासूनच होती. रिव्हर्सरसाठी दोन्ही मुख्य चाकांच्या खांबांवर प्रत्येकी ६.३ टनांपेक्षा जास्त भार यायला हवा. पंखावरच्या स्पॉइलर नावाच्या झडपांसाठी तेवढा भार, किंवा मग चाकं ७२ नॉटच्या वेगाने फिरायला हवीत. वाचताना चोख वाटतं. १४ सप्टेंबर १९९३ रोजी लुफ्तान्साचं ए३२० फ्रँकफर्टहून वॉर्साला उतरलं तेव्हा पाऊस होता. बाजूचा वारा येईल या अंदाजाने वैमानिकांनी विमान किंचित कलतं ठेवलं होतं आणि वेगही थोडा जास्त ठेवला होता. उजवं चाक आधी टेकलं. डावं टेकायला ९ सेकंद लागली. धावपट्टीवर पाण्याचा थर, त्यामुळे चाकं नीट फिरेनात. आतल्या माणसांच्या दृष्टीने विमान जमिनीवर होतं. विमानाच्या दृष्टीने ते अजून हवेत होतं. त्या ९ सेकंदांत ना झडपा उघडल्या, ना रिव्हर्सर. विमान धावपट्टी ओलांडून मातीच्या बांधावर गेलं आणि पेटलं. दोघांचा जीव गेला.

एकच काम. एकदा ते नको तेव्हा झालं, एकदा हवं तेव्हा झालं नाही. एका बाजूला कुलूप आवळलं की दुसरी बाजू आवळली जाते. आणि वॉर्साला कुठलाच भाग बिघडलेला नव्हता, ही गोष्ट मुलांच्या पटकन पचनी पडत नाही. सेन्सर ठीक, वायरी ठीक, सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं. रिलाएबिलिटीच्या परीक्षेत सगळे पैकीच्या पैकी. फक्त 'जमिनीवर असणं' याचा अर्थ ओल्या धावपट्टीसाठी कुणी नीट लिहिला नव्हता.

मराठीत या कामाला एक छुपी अडचण आहे, आणि मला वाटतं इतर सहकाऱ्यांपेक्षा ती मला जास्त जाणवते, कारण मी विचार मराठीत करते. आपली क्रियापदं कर्त्याला अलगद सोडून देतात. 'ब्रेक लावला' म्हटलं की लावणारा कोणीतरी असतो. 'ब्रेक लागला नाही' म्हटलं की कोणीच नसतो. 'दार उघडलं', यात मी उघडलं की आपोआप उघडलं, कळत नाही. आणि पेपरातलं ते अजरामर वाक्य: 'चालकाचा ताबा सुटल्याने'. हे वाक्य आलं की बातमी संपते. ताबा कशामुळे सुटला, सुटल्यावर गाडीने काय करायला हवं होतं, गाडी उलटल्यावर माणसं कुठून बाहेर येणार होती, हे प्रश्न त्या तीन शब्दांच्या खाली गाडले जातात. माझ्या शीटमध्ये 'होतं', 'जातं', 'लागतं' लिहिलेलं मी चालवून घेत नाही. कोण करतं ते लिहा.

हा हट्ट बहुधा वडिलांकडून आलाय. बाबा एसटीच्या वर्धा आगारात मेकॅनिक होते. लहानपणी मी आगारात गेले की बस सुरू होऊन बराच वेळ नुसती घरघरत उभी राहिलेली दिसायची. प्रवासी ओरडायचे, चला ना आता. बाबा मान हलवायचे. ''हवा भरू दे आधी. हवा नाई त गाडी नाई.'' ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, टाकीत पुरेसा दाब झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढं मला कळायचं. पुढे एकदा मी विचारलं, ''बाबा, आणि रस्त्यात हवा गेली तर?'' तेव्हा त्यांनी मला वर्कशॉपमध्ये नेऊन स्प्रिंगचा ब्रेक दाखवला. एक जाडजूड स्प्रिंग चाकाला कायम आवळून धरायला बघते, आणि हवेचा दाब तिला मागे रेटून ठेवतो. हवा आहे तोवर चाक मोकळं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाक आवळलं जातं. बाबा म्हणाले, ''हवा ब्रेक लावाले नाई, सोडाले लागते.''

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत या विषयावर इतकं नेमकं मी काही ऐकलं नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ साली आगगाडीसाठी काढलेल्या ऑटोमॅटिक एअर ब्रेकमागे हीच उलटी चाल होती. त्याच्या आधीच्या ब्रेकमध्ये हवा सोडली की ब्रेक लागायचा, म्हणजे डबे तुटून वेगळे झाले की ब्रेकही गेले. नव्या रचनेत पाइपातला दाब टिकून असेपर्यंत ब्रेक मोकळे, पाइप तुटला की ब्रेक लागलेच. वस्तू बिघडणारच आहे हे धरून चालायचं, आणि बिघडल्यावर ती कोणत्या बाजूला पडेल तेवढं आपण ठरवायचं. बाबांना वेस्टिंगहाउस माहीत नव्हता. त्यांना चाक माहीत होतं.

१ जुलै २०२३, शनिवार. सकाळी सहाच्या आधी आईचा फोन आला. समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी स्लीपर बस रात्री उलटून पेटली होती. माझा भाऊ पुण्यातच नोकरीला आहे. त्या आठवड्यात तो घरी होता आणि रविवारच्या बसने निघणार होता. तो आतल्या खोलीत झोपलेला आईला दिसत होता, तरी ती मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती, ''घरीच हाय तो. झोपला हाय.'' आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरातून त्या सकाळी असेच फोन गेले असतील. वर्धा, नागपूर, यवतमाळची पोरं पुण्याला जातात ती अशाच बसने. वरच्या बर्थवर, पडदा ओढून, चार्जर लावून.

२५ जण गेले. बस डाव्या अंगावर पडली होती, आणि आपल्याकडे बसचं दार डाव्या अंगाला असतं. ते दार जमिनीला टेकलं होतं. जे थोडे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले.

नंतर कितीतरी दिवस मी बातम्या वाचत होते. वेग किती होता, चालकाला डुलकी लागली का, टायर फुटला का, महामार्गाची आखणी कशी आहे. सगळे प्रश्न रास्तच. पण माझं डोकं त्या दारापाशी अडकलं होतं. ते दार बिघडलेलं नव्हतं. बिजागरं, कडी, रबर, सगळं ठीक असेल. रोज शेकडो वेळा ते उघडत-मिटत असणार. 'प्रवाशांना आत घेणं' हे त्याचं काम, ते ते चोख करत होतं. 'प्रवाशांना बाहेर काढणं' हे वेगळं काम आहे, आणि ते गाडी कुठल्याही अंगावर पडलेली असताना, काळोखात, धुरात, बाहेरून मदत न मिळता व्हायला हवं. हे दुसरं काम एका दाराला जमणारच नाही, त्यामुळे ते आणखी कुणाकुणाला वाटून द्यावं लागतं: मागचं आपत्कालीन दार, छतातला झरोका, फोडता येणारी काच, हातोडा.

आपल्याकडे यासाठी नियम नाहीत असंही नाही. बसच्या बांधणीसाठी एआयएस-०५२ आणि स्लीपर कोचसाठी एआयएस-११९ अशी मानकं आहेत आणि बाहेर पडायच्या वाटांचा विचार त्यांत आहे. पण पुढच्या वेळी स्लीपरने जाल तेव्हा बघा. मागच्या आपत्कालीन दारासमोर बर्थ किंवा पार्सलचे खोके आहेत का? हातोडा त्याच्या खाचेत आहे का, की चोरीला जातो म्हणून काढून ठेवलाय? झरोका उघडतो का, की पाणी गळतं म्हणून सिलिकॉनने बंद केलाय? मी गेली दोन वर्षं चढल्या चढल्या हे बघते. एकदा हातोड्याच्या जागी कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. मी क्लीनरला विचारलं तर तो म्हणाला, ''ताई, तो कशाला लागतो?'' खवचटपणे नाही म्हणाला तो. त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने ती टॉवेल टांगायची खुंटी होती, आणि कुकरच्या शिट्टीसारखंच, वापरणाऱ्याने तिला काम नेमून दिलं होतं.

या सगळ्याचा माझ्या नोकरीशी थेट संबंध गेल्या पावसाळ्यात आला. एका गाडीच्या दाराचं काम आमच्याकडे आलं. विजेवर चालणारी कडी: हँडल नाही, बटण दाबायचं, मोटर कडी सोडते. दिसायला सुंदर. शीटमध्ये तीन कामं लिहून आली होती. दार बंद ठेवणं, दार कुलूपबंद करणं, चालकाच्या इच्छेने दार उघडणं. चालती गाडी असताना दार आपोआप उघडलं तर काय, याचा विचार फार मन लावून केला होता. दोन सेन्सर, दोन वेगळ्या वाटा, वेग शून्य असल्याशिवाय मोटरला परवानगी नाही. लाउडाची बाजू भक्कम होती.

मी चौथी ओळ घातली. 'आतल्या माणसाने, वीज नसताना, दार उघडणं.'

मीटिंगमध्ये पहिला आक्षेप असा आला की ही ओळ आपल्या कक्षेतच येत नाही. त्यात तथ्य होतं. आम्ही ज्या आयएसओ २६२६२ मानकावर चालतो ते इलेक्ट्रॉनिक आणि विद्युत यंत्रणेच्या बिघाडापुरतं आहे. यांत्रिक कडीचा विचार त्यात नाही. दुसरा आक्षेप: बॅटरी जाण्याची शक्यता फार कमी आहे. मी म्हटलं, रोजच्या दिवशी कमीच आहे. पण ज्या दिवशी घाईने बाहेर पडावं लागतं त्या दिवशी, म्हणजे धडक झाली, पाणी शिरलं, आग लागली त्या दिवशी, बॅटरी जाण्याची शक्यता किती? या दोन घटना वेगवेगळ्या नाहीत, एकीच्या पाठीला दुसरी बांधलेली आहे. यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक सिनिअर सर म्हणाले, ठीक आहे, एक यांत्रिक खटका देऊ, दाराच्या खणात, रबराच्या मॅटखाली.

मॅटखाली! चालकाला तो माहीत असेल, कारण मॅन्युअलमध्ये पान एकशे कितीतरीवर असेल. पण मागच्या सीटवर बसलेल्या कॅबच्या प्रवाशाला? वर्ध्याहून पहिल्यांदा पुण्याला आलेल्या माझ्या आईला? मी ओळ पुन्हा लिहिली: 'आतल्या कोणत्याही माणसाने, वीज नसताना, काळोखात, कुणी न शिकवता, दार उघडणं.' सर हसून म्हणाले, फंक्शन दोन शब्दांत लिहायचं असतं ना? नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. बाकीचे शब्द मी अटींच्या रकान्यात हलवले, पण एकही खोडला नाही.

तीन मीटिंगांनंतर खटका मॅटवर आला. आता ओढायच्या पट्टीच्या रूपात आहे, चारही दारांना. रंगावरून वाद चालू आहे. डिझाइनवाल्यांना ती आतल्या कापडाच्या रंगात, राखाडी हवी आहे, कारण लाल रंगाने गाडी भीतीदायक दिसते म्हणे. मी लालवर अडून बसले आहे. परवा नमुन्याचं दार आमच्या मजल्यावर आणून ठेवलं, तेव्हा मी पँट्रीत चहा देणाऱ्या काकांना बोलावलं, दिवे बंद केले आणि म्हटलं, काका, हे दार आतून उघडून दाखवा. मी मोबाइलवर सेकंद मोजत होते. राखाडी पट्टीला त्यांना सव्वीस सेकंद लागली. लाल पट्टीचा नमुना अजून यायचा आहे. पुरवठादार म्हणतो गुरुवारी येईल.